घटनानियंत्रक, अग्निशमन दलातील

आग, स्फोट, इमारत कोसळणे, विषारी वायूची गळती यांसारख्या दुर्घटनेच्या ठिकाणी आलेल्या सर्व पथकांचे नेतृत्व करणारा, कार्याचा हेतू व पद्धती ठरविणारा आणि त्या कार्यात गुंतलेल्या जवानांच्या सुरक्षिततेची जबाबदारी वाहणारा अधिकारी म्हणजे घटनानियंत्रक होय. ‘इन्सिडंट कमांडर’ या रूढ संज्ञेसाठी हा शब्द येथे योजला आहे. घटनानियंत्रक हे कायमचे पद नसून ती एक भूमिका आहे. आगीची वर्दी मिळाल्यावर पहिल्या बंबाबरोबर येणारा तांडेल किंवा केंद्र अधिकारी हा त्या घटनेचा पहिला नियंत्रक असतो. आग मोठी ठरून वरिष्ठ अधिकारी आल्यावर नियंत्रणाची सूत्रे त्यांच्याकडे जातात. तथापि आगीचे भवितव्य बहुधा पहिल्या काही मिनिटांतच ठरते आणि ती मिनिटे कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती असतात. म्हणून नेतृत्वाचे प्रशिक्षण केवळ वरिष्ठांपुरते मर्यादित ठेवून चालत नाही. नळी धरणे, शिडी चढणे व श्वसनयंत्र लावून धुरात शिरणे या कौशल्यांत निष्णात असलेला जवान आपोआप चांगला नियंत्रक होत नाही. नियंत्रण हे वेगळे कौशल्य असून ते स्वतंत्रपणे शिकवावे लागते, ही जाणीव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू दृढ झाली.

एकसूत्री नियंत्रणाची गरज : एकाच घटनास्थळी अनेक अधिकारी असूनही अंतिम निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे हे स्पष्ट नसेल, तर काय घडते याचे दारुण उदाहरण मुंबई गोदीत घडले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजाच्या तळघरात आग लागली. जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या आणि सु. १,४०० टन स्फोटक द्रव्येही होती. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे तज्ज्ञ व अग्निशमन दलाचे अधिकारी हे सर्व तेथे हजर होते. जहाज जागीच बुडवावे, गोदीबाहेर न्यावे की पाण्याचा मारा चालू ठेवावा, याविषयी वेगवेगळी मते पुढे आली. परंतु सर्वांवर बंधनकारक ठरेल असा निर्णय वेळेत झाला नाही. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला आणि त्यानंतर सु. अर्ध्या तासाने दुसरा प्रचंड स्फोट झाला. शेकडो लोक मृत्यू पावले. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ अधिकारी व जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. गोदीतील जवानांच्या धैर्यात काहीच उणे नव्हते. उणीव होती ती एकसूत्री नियंत्रणाची.

अमेरिकेत याच प्रश्नाची पद्धतशीर मांडणी १९७० नंतर झाली. त्या वर्षी शरद ऋतूत दक्षिण कॅलिफोर्नियात लागलेल्या वणव्यांनी तेरा दिवसांत १६ बळी घेतले, सु. ७०० वास्तू नष्ट केल्या आणि पाच लाखांहून अधिक एकर प्रदेश जाळला. मदतीस आलेल्या निरनिराळ्या दलांच्या संज्ञा, रेडिओ-लहरी व अधिकारश्रेणी भिन्न असल्याने त्यांचा परस्परांशी मेळ बसला नाही. या अनुभवातून घटनानियंत्रण पद्धती विकसित करण्यात आली. तिचे मुख्य सूत्र असे की, प्रत्येक घटनेला एकच नियंत्रक असावा. त्याच्या हाताखाली कार्यवाही, नियोजन, साधनपुरवठा इ. विभाग गरजेप्रमाणे उघडावेत. आणि कोणत्याही एका व्यक्तीने तीन ते सातांहून अधिक, शक्यतो पाचच, व्यक्तींचे थेट नियंत्रण करावे. शहरी आगींसाठी ही तत्त्वे सुलभ करण्यात फीनिक्स शहराच्या अग्निशमन दलाचे प्रमुख ॲलन ब्रुनासिनी यांचा वाटा मोठा आहे. त्यांचा ‘फायर कमांड’ हा ग्रंथ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये प्रसृत केली; त्यांतही घटनानियंत्रकाचे स्थान मध्यवर्ती आहे.

नियंत्रकाची कार्ये : घटनास्थळी पोचताच नियंत्रकाने प्रथम परिस्थितीचा अंदाज घ्यावयाचा असतो. काय जळत आहे, आग कोठून कोठे जात आहे, आत कोणी अडकले आहे काय, इमारत कोणत्या प्रकारची व किती जुनी आहे, पाणी कोठून मिळेल, हे त्याने शक्यतो इमारतीला फेरी मारून पाहावे. मग तो नियंत्रण कक्षाला संक्षिप्त संदेश देतो आणि जास्तीची कुमक लागेल असे वाटल्यास ती तत्काळ मागवितो. कुमक लवकर मागवून नंतर परत पाठविणे हे उशिरा मागविण्यापेक्षा नेहमीच श्रेयस्कर असते. त्यानंतर कार्याचा पवित्रा ठरतो : आत शिरून आगीवर चाल करावयाची की बाहेरून मारा करून आग पसरू द्यावयाची नाही. या निवडीमागील तत्त्व सोपे आहे. वाचविता येण्याजोग्या प्राणांसाठी मोठा, पण तोलून मापून, धोका पत्करावा. वाचविता येण्याजोग्या मालमत्तेसाठी अल्प धोका पत्करावा. जे आधीच हातचे गेले आहे त्यासाठी मुळीच पत्करू नये.

यापुढील काम कमी दिसणारे, परंतु अधिक कठीण असते. आत गेलेल्या प्रत्येक जवानाची नोंद ठेवणे, त्याच्या श्वसनयंत्रातील हवा किती वेळ पुरेल याचा हिशेब ठेवणे, पथकांकडून ठराविक वेळाने वृत्त घेणे व मूळ अंदाज अद्याप खरा आहे काय हे पुनःपुन्हा तपासणे, ही कामे नियंत्रकाकडे किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीकडे असतात. ती नीट व्हावीत म्हणून त्याने एका ठरलेल्या, सर्वांना दिसेल अशा जागी उभे राहावे असा संकेत आहे. नव्या अधिकाऱ्याला नेमके हेच जड जाते. काल-परवापर्यंत जो स्वतः नळी धरून पुढे होता, त्याचे हात आजही नळीकडे जातात. पण नियंत्रकाने नळी हाती घेतली की त्याची नजर एका खोलीपुरती आखडते आणि उरलेल्या इमारतीकडे पाहणारे कोणी राहत नाही.

निर्णयप्रक्रिया : पर्यायांची यादी करावी, त्यांचे गुणदोष तोलावेत व सर्वोत्तम पर्याय निवडावा, ही निर्णयाची शास्त्रशुद्ध रीत मानली जात असे. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अनुभवी अग्निशमन अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा हे अधिकारी आगीच्या ठिकाणी तसे काही करीतच नाहीत असे आढळले. समोरचे दृश्य पूर्वी पाहिलेल्या कोणत्या प्रकारात बसते हे ते क्षणात ओळखतात. त्या ओळखीबरोबरच करावयाची कृती सुचते. ती कृती ते मनातल्या मनात घडवून पाहतात आणि अडचण न दिसल्यास तीच अमलात आणतात. क्लाइन यांनी या प्रक्रियेला ओळखीवर आधारित निर्णयाचे प्रतिमान म्हटले. त्यांनी नोंदविलेली एक घटना प्रसिद्ध आहे. एका बैठ्या घराच्या स्वयंपाकघरात लागलेल्या आगीवर पथकाने पाणी मारले. परंतु आग दबेना. दिवाणखाना वाजवीपेक्षा जास्त तापला होता आणि एवढ्या उष्णतेच्या मानाने आगीचा आवाज फारच कमी होता. कारण न उमगताही पथकप्रमुखाने सर्वांना बाहेर काढले. ते बाहेर पडतात न पडतात तोच जमीन खचली. खरी आग पायाखालच्या तळघरात होती. पथकप्रमुखाने याचे श्रेय अतींद्रिय शक्तीला दिले. वस्तुतः समोरचे दृश्य त्याच्या अनुभवातील कोणत्याच नमुन्याशी जुळत नव्हते आणि ही विसंगती त्याच्या सरावलेल्या मनाने टिपली होती.

या संशोधनाचा प्रशिक्षणाच्या दृष्टीने अर्थ असा की, चांगला निर्णय हा नमुन्यांच्या साठ्यावर अवलंबून असतो आणि तो साठा वाढविणे हे प्रशिक्षणाचे पहिले काम आहे. पूर्वी हा साठा प्रत्यक्ष आगींतून आपोआप जमा होत असे. परंतु अग्निप्रतिबंधक उपाययोजना जेथे प्रभावी झाल्या, तेथे आगींची संख्या घटली. ही गोष्ट समाजाच्या हिताची असली, तरी त्यामुळे नव्या अधिकाऱ्याला मोठी आग क्वचितच पाहावयास मिळते. अनुभवाची ही उणीव कृत्रिम प्रसंगांनी भरून काढावी लागते.

ओळखीच्या मर्यादा : नमुना ओळखण्याची पद्धती वेगवान असली, तरी अपूर्व परिस्थितीत ती दिशाभूल करू शकते. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरील एका घरात आग लागली. उंच इमारतीतील आग त्या घरापुरतीच मर्यादित राहते, या गृहीतावर रहिवाशांनी आपापल्या घरात थांबावे असा संकेत रूढ होता. येथे मात्र इमारतीच्या बाह्य आवरणाने पेट घेतला व आग बाहेरून वर चढत गेली. घरातच थांबण्याचा आदेश पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेण्यात आला. या दुर्घटनेत ७२ जणांचा अंत झाला. चौकशी समितीने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या अहवालात, हा निर्णय दीड ते १ वाजून ५० मिनिटे या दरम्यान घेता आला असता आणि घ्यावयास हवा होता, असा निष्कर्ष काढला. मात्र समितीने जवानांच्या शौर्याची वाखाणणी करून हेही नमूद केले की, पहिल्या नियंत्रकांना अशा आवरणाची आग ओळखण्याचे किंवा संपूर्ण इमारत रिकामी करण्याचे प्रशिक्षणच मिळालेले नव्हते. जे शिकविले गेले नाही ते ऐन वेळी सुचण्याची अपेक्षा करणे म्हणजे संस्थेची जबाबदारी व्यक्तीवर टाकणे होय.

ब्रिटनमधील अग्निशमन अधिकारी व मानसशास्त्रज्ञ सब्रीना कोहेन-हॅटन यांनी सहकाऱ्यांसह या प्रश्नाचा अभ्यास केला. नियंत्रकांच्या शिरस्त्राणांवर कॅमेरे बसवून प्रत्यक्ष घटनांचे चित्रण केले असता, नियंत्रक बहुतेक वेळा परिस्थिती पाहून थेट कृतीकडे वळतात, मधली नियोजनाची पायरी गाळली जाते, असे दिसून आले. त्यावर त्यांनी एक साधी शिस्त सुचविली. आदेश देण्यापूर्वी नियंत्रकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : हे मी कशासाठी करीत आहे? यातून काय घडेल असे मला वाटते? होणारा लाभ पत्करलेल्या धोक्याच्या तोलाचा आहे काय? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, या प्रश्नांचा सराव केलेल्या अधिकाऱ्यांनी अधिक वेळा उद्दिष्ट व परिणाम यांचा विचार केला आणि तरीही त्यांचे निर्णय मंदावले नाहीत.

आत्मविश्वासाचे स्वरूप : नियंत्रकाचा आत्मविश्वास म्हणजे बेडरपणा नव्हे. अपुऱ्या माहितीवर वेळेत निर्णय घेणे, तो स्पष्ट शब्दांत सांगणे आणि नवी माहिती येताच तो बदलण्यास न कचरणे, हे त्याचे खरे लक्षण होय. माघारीचा आदेश देण्यास पुढे जाण्याच्या आदेशापेक्षा पुष्कळदा अधिक आत्मविश्वास लागतो. कारण जमाव, घरमालक, प्रसंगी वरिष्ठ व स्वतःचे जवानही पुढे जाण्याचाच आग्रह धरीत असतात. अतिविश्वास व अविश्वास ही या गुणाची दोन टोके आहेत. अतिविश्वासू नियंत्रक प्रतिकूल खुणा दृष्टिआड करतो. अविश्वासू नियंत्रक अधिक माहितीची वाट पाहत राहतो आणि निर्णय न घेणे हाही एक निर्णयच आहे हे विसरतो.

निर्णय टाळण्यामागे जबाबदारीचे भयही असते. इंग्लंडमधील वॉरिकशर परगण्यात २ नोव्हेंबर २००७ रोजी एका गोदामाच्या आगीत चार जवान मृत्यू पावले. त्यावेळी नियंत्रण करणाऱ्या तीन अधिकाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. २०१२ मध्ये तिघेही निर्दोष ठरले. अशा खटल्याची छाया पुढील अनेक नियंत्रकांच्या मनावर पडते. आपल्या निर्णयाची कारणे त्या त्या वेळी थोडक्यात नोंदवून ठेवण्याची सवय यावर काही अंशी उतारा ठरते. कारण नंतर परीक्षण होते ते निर्णयाच्या परिणामावरून नव्हे, तर त्यावेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरून व्हावे, अशी अपेक्षा असते.

नियंत्रकाचा स्वतःवर विश्वास असणे पुरेसे नाही. पथकाचाही त्याच्यावर विश्वास असावा लागतो. अमेरिकेतील माँटॅना राज्यात मॅन गल्च या दरीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी वणव्याने १६ जणांच्या पथकाला गाठले. पथकप्रमुख वॅग्नर डॉज याने समोरचे गवत स्वतःच पेटविले व जळून गेलेल्या जागेत झोपून राहण्यास सर्वांना खुणावले. ही युक्ती बरोबर होती व तिने डॉजचा जीव वाचला. परंतु पथकाला ती अनोळखी होती, प्रमुखाशीही त्यांचा पुरेसा परिचय नव्हता. कोणीही त्याचे ऐकले नाही. तेराजण मृत्यू पावले. नेतृत्वावरील विश्वास हा घटनास्थळी निर्माण करता येत नाही. तो आधीच्या एकत्र सरावातून यावा लागतो, हा या घटनेचा धडा होय.

प्रशिक्षणाच्या पद्धती : नियंत्रकाचे प्रशिक्षण सामान्यतः पायऱ्यापायऱ्यांनी दिले जाते. पहिली पायरी ज्ञानाची असते. बांधकामाचे प्रकार, धुराचा रंग, वेग व दाटी यांचा अर्थ, खोलीतील सर्व वस्तू एकदम पेट घेण्याची अवस्था कशी येते, इ. विषय तीत येतात. छताजवळील वायूंचे तापमान सु. ५०० ते ६०० से. झाल्यावर ही अवस्था उद्‌भवते व तिच्यात सापडलेला जवान वाचणे दुरापास्त असते. धातूच्या मोठ्या पेट्यांत नियंत्रित आग पेटवून ही लक्षणे डोळ्यांनी दाखविण्याची पद्धती १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू झाली व पुढे अनेक देशांनी ती स्वीकारली.

दुसरी पायरी मेजावरील सरावाची होय. मेजावर इमारतीची प्रतिकृती किंवा नकाशा मांडून प्रशिक्षक प्रसंग सांगतो व प्रशिक्षणार्थी आदेश देतो. या सरावाला खर्च जवळजवळ नसतो आणि एका दुपारी चार-पाच प्रसंग हाताळता येतात. नमुन्यांचा साठा वाढविण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग असून लहान नगरपालिकांच्या दलांनाही तो सहज परवडतो. सरावाच्या मध्येच प्रसंग थांबवून ‘आता पाच मिनिटांनी काय दिसेल?’ असे विचारल्यास प्रशिक्षणार्थीला पुढचा विचार करण्याची सवय लागते. अंदाज चुकला की तो का चुकला हे शोधण्यातूनच ओळख पक्की होते.

तिसरी पायरी संगणकीय आभासी प्रसंगांची व चौथी मोकळ्या मैदानावरील पूर्ण सरावाची असते. यांत मुद्दाम अडथळे घातले जातात : रेडिओ बंद पडतो, एक पथक उत्तर देत नाही, कोणी नातेवाईक आत मूल असल्याचे ओरडून सांगतो. ताण हळूहळू वाढवीत नेणे महत्त्वाचे असते. आरंभीच असह्य ताण दिल्यास प्रशिक्षणार्थी केवळ गोंधळणे शिकतो. ताण कधीच न दिल्यास त्याचा आत्मविश्वास पहिल्या खऱ्या आगीत ढासळतो. शेवटची पायरी अनुभवी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली लहान घटनांचे प्रत्यक्ष नियंत्रण करण्याची होय. यावेळी वरिष्ठाने शेजारी उभे राहावे, पण धोका नसेल तोवर बोलू नये. प्रत्येक चुकीला मध्येच तोंड घालणारा वरिष्ठ आज्ञाधारक साहाय्यक तयार करतो, नियंत्रक नव्हे.

या सर्व पायऱ्यांना जोडणारा दुवा म्हणजे घटनेनंतरची चर्चा. काय घडावयाचे ठरले होते, प्रत्यक्षात काय घडले, फरक का पडला व पुढच्या वेळी काय करावयाचे, या चार प्रश्नांभोवती ती फिरते. तिचा हेतू दोषारोप हा नसावा. हुद्द्याने कनिष्ठ असलेल्या जवानाला ‘साहेब, मागच्या जिन्याकडे कोणी पाहिले नव्हते’ असे निर्भयपणे म्हणता येत असेल, तरच चर्चा उपयुक्त ठरते. जो जवान केंद्रावर हे बोलू शकत नाही, तो धुरात असताना रेडिओवरही बोलणार नाही.

भारतातील स्थिती : नागपूर येथील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ही या क्षेत्रातील देशातील प्रमुख संस्था आहे. तिची स्थापना १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे झाली व पुढील वर्षी ती नागपूरला हलविण्यात आली. उप-अधिकाऱ्यापासून विभागीय अधिकाऱ्यापर्यंतच्या स्तरांसाठी येथे अभ्यासक्रम चालविले जातात. भारतात अग्निशमन सेवा मुख्यतः राज्य शासने व नगरपालिका-महानगरपालिका यांच्याकडे असल्याने दलांचा आकार, साधने व प्रशिक्षण यांत मोठी तफावत आढळते. महानगरात मोठ्या आगीला अनेक केंद्रांतील बंब व वरिष्ठ अधिकारी काही मिनिटांत धावून येतात. तालुक्याच्या गावी मात्र एकाच बंबाबरोबर आलेल्या प्रमुखाला बराच वेळ एकट्यानेच निर्णय घ्यावे लागतात. अरुंद गल्ल्या, बघ्यांची गर्दी, लाकडी सांगाड्याच्या जुन्या चाळी आणि नव्या काचबंद उंच इमारती ही येथील नियंत्रकापुढील खास आव्हाने होत.

मुंबईत ९ मे २०१५ रोजी काळबादेवी भागातील गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत इमारत कोसळून मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी मृत्यू पावले. जवानांच्या बरोबरीने पुढे राहण्याची या दलाची परंपरा आहे आणि तीबद्दल समाजाला वाटणारा आदर रास्तच आहे. परंतु एका घटनेत अधिकाऱ्यांची अख्खी फळी गमावणे हे कोणत्याही दलाचे, पर्यायाने शहराचे, दीर्घकाळ भरून न निघणारे नुकसान असते. कारण त्यांच्याबरोबर दशकानुदशके साठविलेले नमुने व पुढील पिढीला घडविणारे शिक्षकही नाहीसे होतात.

समारोप : घटनानियंत्रकाची कसोटी आग किती लवकर विझली एवढ्यावरूनच लागत नाही. वाचविता येण्यासारखे प्राण वाचले काय आणि आत गेलेले सर्व जवान परत आले काय, हे तिचे खरे निकष होत. नेतृत्वाचा आत्मविश्वास हा जन्मजात गुण आहे ही समजूत अनेक दलांत अद्याप रूढ आहे. वर उल्लेखिलेले संशोधन व दुर्घटना यांवरून मात्र असे दिसते की, तो पुष्कळ प्रसंग पाहिल्याने, चुकण्याची मुभा असलेल्या ठिकाणी चुकल्याने आणि त्या चुकांविषयी सहकाऱ्यांशी मोकळेपणी बोलल्याने घडतो. अशा सरावासाठी वेळ व पैसा उपलब्ध करून देणे हे दलाचे व ते चालविणाऱ्या संस्थांचे कर्तव्य होय.